बिनआवाजाची गाडी

नवीन पनवेलमधल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं कामाला होते. घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं हे माझं काम. लॅबपर्यंत येणं ज्यांना जमत नाही अशी म्हातारी माणसं, बाळंतिणी, पायाला प्लॅस्टर घातलेले लोक यांच्याकडे सकाळी ते उपाशीपोटी असतानाच पोचायचं, रक्त काढायचं, बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि पुढचं घर गाठायचं. विचुंबे, कामोठे, कधी पार ओव्यापर्यंत. हे सगळं रिक्षाने आणि पायी. उपाशी माणूस वाट बघून चिडलेला असतो, त्यात मी घामाघूम होऊन उशिरा पोचणार. सुई टोचायच्या आधीच दोघांचं बिनसलेलं.

पेट्रोलची स्कूटर घेता आली असती, पण लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना पाय टेकला की नापास करायचे आणि माझा पाय दर वेळी टेकायचा. मग दोन हजार दहाच्या आसपास बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर दुकानांतून दिसायला लागल्या. वेग सायकलपेक्षा जरासा जास्त, म्हणून लायसन्स नको, नंबर प्लेटही नको. जुन्या पनवेलच्या एका दुकानातून मी फिक्या निळ्या रंगाची एक घेऊन आले. पुढे पाय ठेवायच्या सपाट जागेत माझा बर्फाचा डबा अगदी मापाने केल्यासारखा बसला. मी खूश होते.

नवरा तळोज्याला कारखान्यात होता, मोटारसायकलवर जीव टाकणारा माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"सुरू कर बघू."

"सुरूच आहे," मी म्हटलं.

त्याने खाली वाकून कान लावला. मग सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, ही गाडी नाही, मिक्सर आहे. मिक्सर तरी जरा आवाज करतो."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्या गाडीने लोकांना काय व्हायचं कोण जाणे. स्टेशनवरच्या स्टँडचे रिक्षावाले मला बघितलं की ओरडायचे, "मॅडम, चावी भरली का?" पंक्चरवाल्याने मागच्या चाकाला हात लावायला साफ नकार दिला. चाकातच मोटार आहे म्हटल्यावर तो दोन पावलं मागे सरकला. एकदा कामोठ्यात हवालदाराने अडवलं. नंबर प्लेट का नाही ते मी समजावून सांगितलं, तर त्याने जोडीदाराला बोलावलं आणि दोघेही उकिडवे बसून इंजिन शोधायला लागले. इंजिन नाहीच म्हटल्यावर त्यांचे चेहरे असे झाले, जणू मीच ते कुठेतरी लपवून ठेवलंय. कुत्र्यांचंही तेच. मोटारसायकलच्या मागे जिवाच्या आकांताने धावणारी कुत्री माझी गाडी आली की उठायची, दोन पावलं टाकायची आणि एकमेकांकडे बघत उभी राहायची.

कुत्र्यांचं मला कळत होतं, माणसांचं नाही. माझी गाडी हळू होती, बाजूने जात होती, धूर सोडत नव्हती. तरी लोक नुसते हसत नव्हते, चिडत होते. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण त्याहून जास्त कुतूहल वाटायचं. माझ्या कामात सुई आत जाईपर्यंत समोरच्याला बोलतं ठेवावं लागतं, त्यामुळे विचारायची सवय लागलेली. मी सरळ विचारायला लागले, "तुम्हाला हिच्यात नेमकं काय खटकतं?"

बहुतेकांना उत्तर देता यायचं नाही. रिक्षावाला म्हणाला, "खटकत काही नाही ओ, बघितली की हसू येतं." ते उत्तर मी खरं मानलं. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं उत्तर वेगळं निघालं.

मी दुसऱ्या मजल्यावर राहायची. चार्जिंगसाठी स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून एक लांब वायर खाली पार्किंगमध्ये सोडलेली असायची. ती वायर काकूंच्या खिडकीसमोरून जायची. त्यांनी सेक्रेटरीकडे तक्रार केली की माझ्या तुळशीजवळून करंट जातो. बिल्डिंगमध्ये सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, वायर कशी जाड आहे, वरून रबर कसं आहे ते सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण नजर खिडकीकडे. शेवटी मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

काकू उठल्या, खिडकी लावून घेतली आणि मग म्हणाल्या, "माझी थोरली बहीण कपडे वाळत घालताना गेली. तारेत करंट उतरला होता. मी तिच्या हातात चिमटे देत होते."

त्यांनीच माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "तुमची वायर चांगलीच असेल हो," त्या म्हणाल्या, "पण हलायला लागली की माझे हात गार पडतात."

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून मी ती वायर मागच्या डक्टमधून, पाइपात घालून खाली नेली. काकूंनी मला त्यानंतर गाडीवरून कधी काही म्हटलं नाही. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. लोक गाडीबद्दल बोलतात तेव्हा ते दर वेळी गाडीबद्दलच बोलत असतात असं नाही.

एवढं लक्षात येऊनही विचुंब्याच्या बाबांच्या बाबतीत मला ते ओळखायला वेळ लागला.

बाबा म्हणजे माझे एक जुने पेशंट. सत्तरी उलटलेली, आगरी शेतकरी. शेती बिल्डिंगांखाली गेली होती, नदीकडे एक तुकडा राहिला होता, आणि जुन्या घराच्या जागी मुलांनी दुमजली बंगला बांधला होता. दोन मुलगे, दोघांचा बांधकामाला रेती-खडी पुरवायचा धंदा. थोरली सून घर बघायची. बाबांना साखरेचा आजार, त्यामुळे दर महिन्याला मी त्यांच्याकडे जायची. माणूस तापट, पण रक्त देताना हात कधी आखडता घ्यायचा नाही. माझ्याशी त्यांचं बरं होतं. नवी गाडी येईपर्यंत.

त्या दिवशी मी सकाळी त्यांच्या आळीत शिरले. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, मध्ये जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी वाट. समोरून बाबा काठी टेकत, वाटेच्या बरोबर मधून येत होते. मी वेग कमी केला. मला बघून बाजूला होतील असं वाटलं. ते झाले नाहीत. सरळ माझ्याकडे चेहरा करून चालत राहिले. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि पुढचं चाक त्यांच्या काठीला लागून थांबलं.

"कोन हाय? कोन हाय ती?" बाबा ओरडले.

"बाबा, मी. लॅबवाली."

"मंग बोलत का नाय? चोरावानी आलीस! गारी हाय का भूत हाय?" त्यांच्या तोंडी गाडीची गारी व्हायची. मी घाबरून माफी मागितली, पण त्यांचा पारा उतरला नाही. घरी जाऊन पायरीवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही अवदसा पुन्यांदा माज्या दारात आनायची नाय. आनलीस तर रगत देनार नाय."

सून ओशाळली. मला आत नेऊन म्हणाली, "ताई, मनावर घेऊ नका. मामांचा सभाव तुमाला म्हाईत हाय." थोरला मुलगा मोटारसायकल पुसत होता. तो हसून म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याला गाडी म्हणजे दणका लागतो, मॅडम. तुमची ही शिलाई मशीन त्याला काय आवडणार!"

मला ते पटलं. गावात नवी घरं झाली होती, दारोदारी मोठ्या गाड्या आल्या होत्या. गाडीचा आवाज म्हणजे घराचा रुबाब. माझं खेळणं त्या रुबाबात बसत नसेल, असा मी अर्थ लावला आणि गाडी देवळापाशी लावून पायी जायला लागले.

पण आता मी बाबांकडे जरा निरखून बघत होते, आणि एक गंमत दिसली. रक्त घेताना बाबा बोलायचे ते गाड्यांबद्दल. गाडी आळीत वळायच्या आधीच ते सांगायचे. "धाकला आला." "दूधवाला. त्याचा सायलेन्सर फुटलाय." "साळंची बस." एकदा चुकले नाहीत. मी कौतुक केलं की खूश व्हायचे. दुसरीही एक गोष्ट होती, ती मला तेव्हा जोडता आली नाही. रक्त काढून झाल्यावर मी कापूस पुढे करायची आणि बाबा हात नुसता उघडा धरून ठेवायचे. मी तळहातावर कापूस टेकवला की मग मूठ मिटायची.

एका सकाळी मी गेले तेव्हा सुनेने फरशी नुकतीच पुसली होती. मी चपला फाटकाशीच काढल्या आणि अनवाणी आत आले. बाबा ओटीवर एकटेच होते. मी पायरीवर उभी राहिले, त्यांनी ये म्हणायची वाट बघत. त्यांचा चेहरा माझ्याकडेच होता. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात उचलला, भिंतीवर टेकवला आणि हळूहळू सरकवत नेला, खिडकीची कड सापडेपर्यंत. कडेवर चष्मा होता. तो घेतला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा माझ्याकडे तोंड करून बसले. शांतपणे. समोर कुणीच नाही असे.

मी डबा आवाज न होऊ देता पायरीवर ठेवला.

"बाबा," मी हळूच म्हटलं.

ते दचकले. "कवा आलीस?"

"आत्ताच. बाबा, माझ्या हातात काय आहे?"

"तुज्या हातात काय असनार? तुजा डबा."

डबा मी खाली पायरीवर ठेवला होता. माझे दोन्ही हात रिकामे होते.

मी काही बोलले नाही, पण त्यांना त्या गप्प बसण्यातूनच कळलं. त्यांनी मान घराच्या आतल्या बाजूला वळवली, कानोसा घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हलू बोल. सून आत हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. "किती दिसतं?"

"उजव्यानं सावली दिसते. डाव्यानं नाय. भातकापनीपास्नं काला परदा आल्यावानी झालाय."

"घरी का नाही सांगितलंत?"

"सांगून?" ते म्हणाले. "पोरं खुर्ची आनतील. हितं बसवतील. नदीकडचा तुकडा हाय ना, तेवराच उरलाय मला. रोज जातो. कानानं जातो. सगल्या गाऱ्या सांगून येतात, मी बाजूला होतो." मग जरा थांबले. "एक तुजीच येते ती न सांगता."

मी इतके दिवस ज्याला त्याला विचारत फिरत होते, आणि ज्याच्यापाशी खरंखुरं उत्तर होतं त्याला विचारायचंच राहून गेलं होतं. रुबाबाचा तिथे काही संबंधच नव्हता. त्या आळीत त्यांना मारू शकेल अशी एकच गाडी होती, आणि ती माझी होती.

पण मला दुसरीही गोष्ट माहीत होती. त्यांचे रिपोर्ट महिन्याच्या महिन्याला माझ्या हातून जात होते. साखर इतकी वर्षं चढलेली असली की डोळ्याचा पडदा बिघडतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर सावलीसुद्धा राहत नाही. मी म्हटलं, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला. नाहीतर मी सुनेला सांगणार."

"तुजी काय पंचायत!"

"मी सांगणार."

ते बराच वेळ काठीची मूठ चोळत बसले. मग म्हणाले, "जायाचं कशानं?"

त्यातच सगळं अडलं. मुलाच्या गाडीवरून गेलं तर मुलाला कळणार. रिक्षाने गेलं तर स्टँडवरचे सगळे रिक्षावाले गावातले, कुणी पुतण्या, कुणी भाचा. आम्ही दवाखान्यात पोचायच्या आत बातमी घरी. चालत जाणं शक्य नव्हतं. बाबांनी एकेक सांगून पाहिलं आणि एकेक खोडलं. शेवटी माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाकडे, बघून म्हणाले, "मंग तुजी अवदसाच उरली."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी अट घातली. "मंग आन गारी दारात. पन गारीला तोंड नाय, तर तुला हाय ना? हाक मारत ये."

पुढच्या वेळी मी आळीच्या तोंडाशी गाडी हळू केली आणि म्हटलं, "लॅबवाली आली." आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही. मागून एक कोळीण पाटी घेऊन येत होती, उरणकडून मासळी आणून गावोगाव विकणारी. तिने माझी धडपड बघितली आणि खो खो हसली. "गल्यातून नको गो काडू, पोटातून काड," ती म्हणाली आणि स्वतः एक आरोळी ठोकून दाखवली. दोन घरांची दारं उघडली. मी पोटातून काढलं, "लॅबवालीऽऽ!" कोपऱ्यावरून बाबांचा आवाज आला, "ये!"

माझी सुट्टी बुधवारी असायची. त्या बुधवारी मी सुनेला सांगितलं की बाबांची एक मोठी तपासणी करायची आहे, लॅबमध्ये न्यावं लागेल. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग आत जाऊन बाबांची टोपी घेऊन आली, ती त्यांच्या हातात दिली, चपला त्यांच्या पायांसमोर नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाली, "पुलावर जपून हां ताई."

बाबा मागे बसले. बर्फाचा डबा घरीच ठेवला होता, आणि त्यांना काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून माझी पर्स त्यांच्या मांडीवर दिली. गाडी निघाली. गाव सुटलं. मग त्यांनी विचारलं, "चाललोय का आपन, का उबं हाव?"

"चाललोय, बाबा."

"इंजिन नाय, मंग कललं कसं मानसाला?"

"वारा लागतोय ना?"

त्यांनी चेहरा वाऱ्याकडे केला असावा, कारण त्यानंतर ते मागून बोलायलाच लागले. नळावर भांडणाऱ्या बायका, कुठेतरी पत्रा कापणारं यंत्र, झाडावरचा भारद्वाज, सगळं ते मला सांगत होते. एका ठिकाणी म्हणाले, "हितं पानी वाहतं." मी बघितलं, तर रस्त्याखालून एक नाला जात होता. मी त्या रस्त्याने इतक्या वेळा गेले होते, तो नाला मला माहीत नव्हता.

डोळ्यांचा दवाखाना जुन्या पनवेलला होता, आणि नवीन पनवेलहून तिथे जायचं तर रेल्वेवरचा उड्डाणपूल चढावा लागतो. एकटी असले तर माझी गाडी कशीबशी चढायची. दोघांना घेऊन ती अर्ध्यावर रांगायला लागली आणि मग थांबलीच. मागे बस, टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न. बाबा खाली उतरले, मीही उतरले. मी हँडल धरून गाडी चालवत होते, ते मागचं कॅरिअर धरून कडेने चालत होते. शेजारून मोटारसायकलवरचा एक माणूस हळू झाला आणि ओरडला, "काका, धक्का मारा, धक्का!"

बाबा थांबले. त्या आवाजाच्या दिशेने काठी उगारली आणि म्हणाले, "तुजी धूर सोरते, हिची नाय सोरत! जा तुज्या वाटंनी!" आणखीही दोन शब्द होते, ते मी लिहीत नाही. तो माणूस पुढे गेला. मला इतकं हसू फुटलं की हँडल सुटता सुटता राहिलं. पूल उतरल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माझ्या गाडीची बाजू घेतलीत."

"कोन म्हनतो?" ते म्हणाले. "मी त्याला शिव्या दिल्या."

दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बराच वेळ डोळे मिटून बसवलं. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं, तिथे फारशी आशा नव्हती. उजव्याला लेझर करून आहे ते टिकवता येईल, पण थांबून चालणार नाही, आणि घरचं माणूस बरोबर हवं. त्या मला मुलगी समजत होत्या. बाबांनीच सांगितलं, "ही घरची नाय. ही रगतवाली."

परतीच्या वाटेवर थेंबांमुळे उजव्यातली सावलीही पुसट झाली होती, ऊन सहन होत नव्हतं. मी माझी ओढणी त्यांच्या टोपीवरून खाली घेऊन बांधली. आळीत शिरताना मी हाक मारायला तोंड उघडलं, तर मागून म्हणाले, "नको. आज मीच सांगतो."

त्यांनी ओटीवर बसून सुनेला हाक मारली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला धक्का बसला नाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "मला ठावं हाय, मामा. पेला नेमी एकाच जागी का ठेवते मी? तुमी सांगत नवता, मंग मी कसं इचारू?"

त्या घरात दोघंजण एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होते, आणि तिसरी मी.

मुलगे संध्याकाळी आले असतील, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरला लॅबमध्ये हजर झाला. मला वाटलं, आभार मानायला आला. तो काउंटरवर हात आपटून म्हणाला, "तुम्ही आमच्या बापाला त्या खेळण्यावर बसवून पुलावर नेलंत? काही झालं असतं तर?"

मी डोळ्यांचं सांगायला लागले. तो ऐकेना. घरात तीन गाड्या असताना बापाला त्या मिक्सरवरून न्यायचं, लोक काय म्हणतील, पुलावर म्हाताऱ्याला चालवलं, असंच बोलत राहिला. आजवर माझ्या गाडीला इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं. मी नेहमीसारखी विचारणार होते, नेमकं काय खटकतं, पण त्याचा चेहरा बघून विचारलं नाही. बोलता बोलता तो मध्येच थांबला, खुर्चीवर बसला आणि एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "रोज माझ्या समोरून जातो ओ तो. मला कळलं कसं नाही?"

मी त्याला पाणी दिलं. लेझरच्या तारखा आधीच घेतल्या होत्या, त्या सांगितल्या. प्रत्येक तारखेला तोच बापाला घेऊन गेला, चारचाकीतून. डावा डोळा गेला. उजवा राहिला, म्हणजे सावलीपेक्षा थोडं जास्त, माणसाचा आकार आणि उजेड. नदीकडच्या तुकड्यावर जाणं बंद झालं नाही. खुर्ची आली, ओटीवर ठेवली गेली, आणि बाबा तिच्यावर बसायचे नाहीत. सकाळी कुणीतरी त्यांच्याबरोबर जायचं, बहुतेक वेळा सूनच.

मी मात्र महिन्याच्या महिन्याला आरोळी ठोकत आळीत जात राहिले. एकदा रक्त घेताना, जुनी सवय म्हणून, मी त्यांना विचारलंच. "बाबा, आता तर हाक मारत येते. बसलातसुद्धा हिच्यावर. अजून अवदसाच म्हणता. आता काय खटकतं?"

ते थट्टेत उत्तर देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचार केला.

"दुसऱ्या गारीवर बसलो ना, का इंजिनच बोलत असतं," ते म्हणाले. "मानसाला काय समजत नाय. तुज्या गारीवर सगलं आयकू आलं. पाखरं, पानी, बाया. सगलं आयकू येत होतं नि दिसत कायच नवतं. तवा मला कललं, किती गेलंय ते. तवर मी मनाशी म्हनत होतो, चालतंय."

सुई आत होती, त्यामुळे मला मान वर करता आली नाही. बाटली भरली. मी सुई काढली आणि कापूस पुढे केला. त्यांचा हात आला, थोडा चुकला, मग बोटांनी चाचपत कापूस त्यांनी स्वतःच घेतला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

आतून सुनेने चहा आणला. बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर घातली नाही म्हणून तिच्याशी भांडायला सुरुवात केली. ती रिपोर्टचा आकडा सांगून भांडत होती, तो तिला तोंडपाठ होता. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, डबा बंद केला आणि उठले. अजून ओव्याला जायचं होतं.